डावीकडून पिराजी, कृष्णात

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली की काहीतरी छापावं लागतं. स्मरणिका छापली तर ती कुणी वाचत नाही. आपला फोटो कुठल्या पानावर आलाय तेवढं बघून माळ्यावर टाकतात. आमच्या कोल्हापुरातल्या वाचनालयाची पन्नाशी दोन हजार पाच साली भरली, आणि स्मरणिकेऐवजी पुस्तक काढायचं ठरलं. नाव 'गोष्टींचे सांगाडे'. जगातल्या गोष्टी वरून कितीही निरनिराळ्या दिसल्या तरी आतली हाडं ठरलेली असतात, ती काढून दाखवायची, अशी कल्पना. एका सांगाड्याला एक पान. वर चित्र, खाली मजकूर. जत्रेत हरवलेले भाऊ, एक पान. मेला असं समजून तेराव्याचं जेवण झालेला माणूस दारात उभा, एक पान.

संपादक मंडळ तिघांचं. गणपतराव अध्यक्ष. ते प्राचार्य म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या आवाजाला ते अजून कळवलेलं नव्हतं. प्रीती आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. गोष्टींच्या रचनेवर तिचं पीएचडीचं काम चाललं होतं, त्यामुळे पुस्तकाचं खरं काम तीच करत होती. मी चिटणीस. मराठी शिकवतो आणि बैठकीत चहा सांगतो.

चित्रांच्या बाबतीत प्रीतीचा एक नियम होता आणि गणपतरावांचा एक. प्रीतीचा नियम असा की चित्र एकटं बोललं पाहिजे. ओळी झाकून परक्या माणसाला दाखवलं तरी काय चाललंय ते त्याला कळलं पाहिजे. गणपतरावांचा नियम असा की फोटोखाली 'डावीकडून' हा शब्द पाहिजेच. तीस वर्षं ते पेपरात गटाच्या फोटोंत येत होते. डावीकडून कोण हे लिहिलं नाही तर फोटो बेवारस, असं त्यांचं मत.

सगळी पानं लागली, एक अडलं. 'ओळखून टाकलेला डाव'. प्रीतीनं व्याख्या केली होती: समोरचा माणूस स्वभावानं काय करणार हे आधी ओळखायचं, त्यानं ते केलं की आपलं काम होईल अशी मांडणी करायची, आणि गप्प बसायचं. त्याला सांगायचं नाही, ढकलायचं नाही. शेवटपर्यंत त्याला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मर्जीनं चाललोय.

"बुद्धिबळाचा पट लावा," गणपतराव म्हणाले.

"सर, त्यात हुशारी दिसते. ओळखणं कुठं दिसतंय?"

"मग गळाला लागलेला मासा."

"गळ टाकणाऱ्याला तो मासा माहीत नसतो, सर. कुठलाही चालतो. आपल्याला असा डाव पाहिजे की जो एकाच माणसावर चालतो, कारण टाकणारा त्या माणसाला आतून ओळखतो."

"मग लग्नाचा फोटो लाव की."

बैठक वाचनकक्षात चाले. तिथं 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती संपादक मंडळ सोडून सगळे पाळतात. कोपऱ्यात रोज संध्याकाळी एक उंच, रुंद माणूस पेपर वाचायला बसे. कान दोन्ही मुरलेले, भजी तळल्यासारखे. नाव कृष्णात. पलीकडच्या गल्लीतल्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचा. त्यानं पेपर घडी करून जागेवर ठेवला आणि आमच्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुमी म्हणताय तसला फोटो हाय माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तो आणला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पिशवीच्या आत उशीचा अभ्रा, अभ्र्यात फोटो. काळापांढरा. आखाड्यात दोन पैलवान, डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेले, कुणाचाही चेहरा त्याच्या आईला ओळखू येणार नाही इतके. डावीकडचा किंचित वाकून उभा, एक पाय पुढं, अगदी मोकळा, घ्या म्हणून ठेवलेला. उजवीकडचा त्या पायावर झेपावलेला. आणि डावीकडच्याचा हात, लक्ष देऊन पाहिलं तर, त्याच्या मानेभोवती आधीच येऊन पोचलेला.

"झेपावलाय त्यो मी," कृष्णात म्हणाला. "डाव्या पायातला काळा दोरा बघा. आईनं बांधलेला. आमचा भाऊ प्रसेनजीत चिडायचा, म्हणायचा आपण बुद्धाची माणसं, आपल्यात असलं चालत न्हाय. आई म्हणायची, दोरा हाय, देव न्हवं."

"आणि हा?"

"पिराजी."

पिराजीला जिल्हा ओळखतो. तेव्हा तो झेडपी मेंबर होता. त्याआधी तो पैलवान होता, आणि त्याही आधी कृष्णातच्या तालमीतला जोडीदार. दोघं गडहिंग्लजच्या बाजूच्या नांगरवाडीचे, एकाच एस.टी.नं कोल्हापूरला आलेले. तालमीत एका ताटात जेवायचे. एक बौद्धवाड्यातला, एक पाटलांच्या आळीतला, तेव्हा हे गावात करता आलं नसतं.

आमच्याकडं एक रीत आहे: एका तालमीतल्या दोघांची जोड लावत नाहीत. रोज एकमेकांच्या अंगावर पडणारी माणसं मैदानात खरी लढणार नाहीत, असा लोकांचा संशय. पण एक्याण्णव साली पिराजीचं वस्तादाशी भांडण झालं, तो दुसऱ्या तालमीत गेला, आणि नांगरवाडीच्या यात्रेत पंचांनी दोघांची जोड लावून टाकली. कृष्णात तेव्हा वरचढ होता. त्यानं हसत हसत जिंकायची कुस्ती. हलगी नीट तापायच्या आत तो चीत झाला.

मैदानभर एकच शब्द उठला. नुरा. म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. जिंकलेल्याला कुणी काही म्हटलं नाही. तो जिंकला होता. हरलेल्यानं कुस्ती विकली, असं ठरलं. असला आरोप कुणाच्या अंगाला लवकर चिकटतो, यालाही आमच्याकडं जुने नियम आहेत.

"दरवर्षी यात्रेत जुन्या पैलवानांना फेटा बांधत्यात," कृष्णात म्हणाला. "चार कुस्त्या केलेल्या माणसालाबी बांधत्यात. मला चौदा वर्सांत बोलावनं न्हाय. आई विचारती, ह्या वर्साला तरी? म्हणून म्हणतो. छापा. मी फसलो हुतो असं छापा."

चिटणीसपदाच्या काळात लोकांनी मला काय काय छापायला सांगितलं आहे. आपण फसलो असं छापा म्हणणारा हा पहिलाच.

"फसला कसा पण?" प्रीतीनं वही उघडली.

"मला मोकळा पाय दिसला की राहवत न्हाय, मॅडम. उजवा पाय पुढं दिसला की मी गेलोच. वस्ताद काठीनं मारायचे, तरीबी जायचो. ही खोड एकट्या पिऱ्याला ठावं. त्यानं पाय ठेवला आन् वाट बघत बसला. मी वर बघितलंबी न्हाय."

"म्हणजे त्यानं तुम्हाला काहीच केलं नाही."

"काय करायचं त्यानं? केलं ते मीच की."

प्रीतीनं पेन खाली ठेवलं. व्याख्येत तिला एवढ्या थोडक्यात जमलं नव्हतं.

नियमाप्रमाणं परीक्षा घेतली. ओळी नसलेला फोटो घेऊन आम्ही समोरच्या मिसळवाल्याकडं गेलो. कोल्हापुरात कुस्तीचा फोटो हा फोटो म्हणून बघता येत नाही, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मिसळवाल्यानं झारा ठेवला आणि म्हणाला, "ह्यो खालचा गेला बघा. पाय न्हवं त्यो, चुना लावलाय त्याला." शेजारचा कंडक्टर म्हणाला, असं काही नाही, झेपावलेला अजून सुटतो. "कसा सुटतोय?" "दावू?" मग बाकडी बाजूला झाली. कंडक्टरनं गणपतरावांना पाय पुढं ठेवायला सांगितला. गणपतरावांनी ठेवला. पुढचे काही क्षण कोण कुठं होतं ते मला सांगता येणार नाही. थांबलं तेव्हा कंडक्टर खाली होता, त्याची मान प्राचार्यांच्या काखेत होती आणि प्राचार्यांना ती कशी आली याचा पत्ता नव्हता. भाजीवाल्या चिमणाबाई पाटी डोक्यावर घेऊन हे बघत उभ्या होत्या. "बाई, तुम्हाला काय वाटतं फोटोत?" प्रीतीनं विचारलं.

"पाय दावनारा लबाड हाय," त्या म्हणाल्या. "आन् ह्यो दुसरा त्याच्या वळखीचा हाय. परक्याला कोन असा पाय दावल?"

चित्र पास झालं.

पिराजीची परवानगी मी फोनवर घेतली. "छापा की मास्तर! माझा जिंकलेला फोटो हाय, न्हाय कशाला म्हणू?"

"त्या कुस्तीबद्दल लोक जे बोलतात..."

"नुरा? बोलत्यात व्हय अजून?"

"कृष्णातचं म्हणणं, ती खरी होती एवढं तुम्ही एकदा मैदानात सांगावं."

"मलाबी म्हणालाय दोन-तीनदा. म्हटलं बघू. आता लोक बोलत्यात त्याला मी काय करू? माझं काय जातंय त्यात?"

त्याचं काही जात नव्हतं, हे खरंच होतं. पिराजी वाईट माणूस नव्हता. कृष्णातच्या भावाला त्यानं नोकरी लावली होती, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी गाडी पाठवली होती. मागितलं ते सगळं द्यायचा. फक्त ज्यात आपलं काही जात नाही त्यावर तोंड कशाला उघडायचं, असा त्याचा हिशेब. राजकारणात तो चांगला मुरला होता.

प्रीतीनं मजकूर लिहिला. शेवटचं वाक्य असं: 'ही कुस्ती ठरवून झाली हा समज चुकीचा असून, हरलेला पैलवान या डावाला प्रामाणिकपणे फसला.' गणपतरावांनी ते वाक्य खोडलं.

"सर, तो त्याच्यासाठीच फोटो देतोय."

"आपण गोष्टींचं पुस्तक काढतोय, प्रीती. पंचनामा नाही. नांगरवाडीची पंच मंडळी उद्या इथं येऊन बसली म्हणजे? वाद नको." आणि त्यांनी वाक्याच्या जागी आपल्या हातानं ओळ घातली: 'डावीकडून पिराजी, कृष्णात. मोकळा पाय दाखवणाऱ्यानं कुस्ती मारली.'

कृष्णातला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." त्या दिवशी त्यानं पेपर उलटा धरला होता, असं लिहिलं तर गोष्ट सुधारेल, पण त्यानं तो सरळच धरला होता.

फोटो काढलेला होता मीरासाब यांनी. ते आता नव्हते, स्टुडिओ त्यांची मुलगी फरहीन चालवत होती. तिनं मूळ निगेटिव्ह शोधून दिली. छापखान्यानं ती संगणकात घेतली आणि प्रूफ आलं. गणपतरावांनी प्रूफ ओळींसाठी वाचलं, प्रीतीनं मुद्द्यांसाठी, मी चुकांसाठी. माणसाला त्याचा फोटो दाखवावा म्हणून मी ते कृष्णातपुढं ठेवलं.

तो बराच वेळ बघत होता. एकदा खाली वाकून त्यानं स्वतःचा डावा घोटा चोळला. मला वाटलं, जुनं दुखणं. मग त्यानं प्रूफ दोन्ही हातांनी उचललं, खिडकीकडं धरलं आणि परत दिलं.

"झ्याक," तो म्हणाला. "ह्यातलं काय बी बदलू नगा."

दिवाळीच्या आधी पुस्तक निघालं. पुस्तकाची दखल घ्यायची ती दोन पेपरांनी चार-चार ओळींत घेतली. नांगरवाडीच्या ग्रामपंचायत वाचनालयालाही एक प्रत गेली, आणि तिथं ते एकच पान वाचलं गेलं. एवढं वाचलं गेलं की त्या पानाशी पुस्तक आपोआप उघडायचं.

पिराजीचा फोन सकाळी आला. आवाजासाठी फोनची गरज नव्हती.

"मास्तर! हे काय छापलंय?"

"काय झालं?"

"डावीकडून कोण?"

मी पुस्तक उघडलं. 'डावीकडून पिराजी, कृष्णात.' वर फोटोत डावीकडं जो होता तो पायावर झेपावलेला होता. पाय दाखवणारा उजवीकडं होता.

"नवी पोरं चावडीवर बसून वाचायल्यात," पिराजी ओरडत होता. "आमच्या नातेवाइकांत एक जण म्हणतोय, मेंबर, तुमी पडला हुता व्हय? मेंबर, तुमाला पाय दावला आन् तुमी गेला व्हय? मी! मी गेलो? मी त्याला नेलाय! माझा पाय हाय त्यो!"

फरहीनला फोन केला. ती हसली नाही, एवढा तिचा मोठेपणा. "सर, निगेटिव्ह उलटी ठेवली त्यांनी. डावं उजवं होतंच मग. अब्बा असते तर अंधारात बोट फिरवून बाजू सांगितली असती." ओळ जुन्या फोटोवरून लिहिलेली, चित्र उलटं, चेहऱ्यांवर माती. तिघांनी वाचलेलं प्रूफ.

मी पिराजीला म्हणालो, शुद्धिपत्र छापतो, प्रत्येक प्रतीत चिठ्ठी घालतो.

"चिठ्ठी कोण वाचतंय हो? चिठ्ठी गळून पडती, पुस्तक ऱ्हातंय. राहू द्या. मीच सांगतो. यात्रेला माइकवर सांगतो, साऱ्या गावाम्होरं."

यात्रेला आम्ही तिघंही गेलो. प्रीती अभ्यासासाठी, मी चिटणीस म्हणून आणि गणपतराव दोष आपला नाही हे कुणी विचारलं तर सांगायला. कृष्णात मैदानाच्या कडेला आपल्या पोरांबरोबर खाली मांडी घालून बसला होता. बोलावणं नसताना येण्याचं कारण त्यानं सांगितलं नाही. पोरांची कुस्ती होती म्हणाला. पिराजी पाहुणा म्हणून वर. निवेदकाच्या हातातून त्यानं माइक घेतला तेव्हा निवेदकाला तो बऱ्याच वेळानं परत मिळणार आहे हे कळलं नव्हतं.

"मंडळी, एका पुस्तकात चुकून छापून आलंय. एक्याण्णव सालची कुस्ती. कुणी बघितल्याली? हात वर करा. आरं वर करा की! तर त्या कुस्तीत पाय मी दावला. मी! ह्यो कृष्णात बसलाय, इचारा त्याला. ह्याला मोकळा पाय दिसला की राहवत न्हाय. आठ वर्सं बघितलंय मी. ताकदीनं मला ह्यो आवरला नसता, वाघ हुता वाघ. मी महिनाभर इचार केला. झोप न्हाई लागली. म्हटलं ह्याला हरवायचं तर ह्याच्याच खोडीनं. पाय ठेवला आन् देवाचं नाव घेतलं. आला! आला की मान धरली!" त्यानं व्यासपीठावर मान धरून दाखवली, मान निवेदकाची होती.

गर्दीतून कुणीतरी म्हातारा ओरडला, "मग नुरा न्हवती म्हना की!"

"नुरा?" पिराजी भडकला. "कोण म्हणतंय नुरा? माझी जिंदगीतली एक नंबरची कुस्ती! नुरा असती तर मला महिनाभर झोप का लागली नसती? त्यो जीव तोडून आला अंगावर म्हणून तर पडला! नुरा म्हणणाऱ्यानं हितं येऊन माझ्यासंगं खडाखडी करावी."

कुणी आलं नाही. पंचांच्या रांगेत कुजबुज झाली. दोन पंच एकमेकांकडं बघत होते. चौदा वर्षं एक गोष्ट सांगितल्यावर ती बदलायची असेल तर कुणाला तरी आधी घसा साफ करावा लागतो. शेवटी एकानं केला. "कृष्णात, वर या. फेटा बांधून घ्या." फेटे मोजकेच आणलेले असल्यामुळे एक कमी पडला. पिराजीनं आपल्या डोक्यावरचा काढला आणि स्वतः बांधला. बांधताना त्याला पुस्तकाचा राग अजून होता, गाठ जरा जास्त आवळली गेली.

परतताना एस.टी.त कृष्णात माझ्या शेजारी बसला. फेटा मांडीवर, साडीच्या दुकानाच्या त्याच पिशवीत. कोल्हापुरातल्या घरी आईला दाखवायला नेत होता.

"प्रूफ बघितलं तेव्हाच कळलं होतं तुम्हाला," मी म्हणालो.

"दोरा उजव्या पायात दिसला की."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"सर, मी त्याला पाया पडून सांगितलं असतं तरी म्हणला असता बघू. त्याचं काय जात नव्हतं त्यात. पण पिऱ्या पडला असं कुणी म्हणू दे, झोपंतनं उठून येईल सांगायला. ही खोड एकट्या मलाच ठावं." मग तो म्हणाला, "वाईट वाटलं जरा. एवढ्या लोकांत ओरडला बिचारा."

"त्याला कळलं असेल?"

"फेटा बांधताना कानात म्हणाला, कृष्ण्या, प्रूफ तुला दावलं हुतं का? म्हटलं व्हय. मग गाठ आवळली."

पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढच्या वर्षी निघाली. नांगरवाडीतच बऱ्याच प्रती गेल्या होत्या. त्या पानाचं चित्र पुन्हा ठरवायला बैठक बसली. प्रीतीनं एक नवा फोटो पुढं ठेवला. यात्रेत फरहीननं काढलेला. व्यासपीठावर पिराजी हातात माइक घेऊन, तोंड मोठं उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताठ. खाली मातीत एक माणूस मांडी घालून बसलेला, हात गुडघ्यावर, चेहऱ्यावर काहीही नाही.

"सर, हाच तो डाव," प्रीती म्हणाली. "यापेक्षा स्वच्छ चित्र मिळणार नाही."

नियम म्हणजे नियम. ओळी झाकून फोटो मिसळवाल्याला दाखवला. त्यानं झारा ठेवला, नीट बघितलं.

"मेंबर भाषण ठोकायल्यात," तो म्हणाला. "आन् ह्यो खालचा ऐकतोय बिचारा. दुसरं काय करणार?"

चित्र नापास झालं. दुसऱ्या आवृत्तीत बुद्धिबळाचा पट आहे. त्याच्याखालीही 'डावीकडून' आहे: डावीकडून पांढरी, काळी.